आडनाव कोल्हे

आमचं आडनाव कोल्हे, आणि आमच्या घरात कोल्हा हा शब्द उच्चारायला बंदी होती. सणसरला आमच्या वस्तीच्या मागं उसाचा फड होता आणि फडाच्या पलीकडं कालवा. दिवेलागणीला उसातून पहिला सूर निघायचा, लांबडा आणि रडका. कालव्याच्या अंगानं दुसरा त्याला जाऊन मिळायचा आणि बघता बघता सगळं शिवार कुई कुई करून उठायचं. वस्तीवरची कुत्री भुंकून भुंकून दमायची. आई त्या वेळी चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत असायची. तव्यातल्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरवत ती म्हणायची, "आलं बाई पाव्हणं." आमच्याकडं त्यांना पाव्हणं म्हणत. पाव्हण्यांनी कोंबडी नेली, पाव्हण्यांनी बांधाकडचा ऊस चघळून टाकला, असं आमचं रोजचं बोलणं. एकदा आईचे मामा जेवायला बसले होते आणि मी बाहेरून धावत येऊन ओरडले, "आई, पाव्हण्यांनी आज पुन्हा कोंबडी पळवली!" मामांनी घेतलेला घास ताटात परत ठेवला. त्यांची समजूत काढायला आईला पुढचा पाऊण तास लागला, कारण खरा शब्द सांगून मोकळं व्हायची सोय नव्हती. आबा समोरच बसलेले होते.

बंदी आबांची होती. आबा म्हणजे माझे वडील. उंचपुरे, पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यातले, टोपीची घडी कधी न मोडलेले. एकरी ऊस काढण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण लहानपणी शाळेत मास्तरांनी लबाड कोल्ह्याची गोष्ट सांगताना दर वेळी त्यांनाच उभं केलं होतं, आणि ते उभं राहणं त्यांच्या मनातून काही केल्या खाली बसलं नव्हतं. पंच्याहत्तर टक्के गाव ज्याला आबा म्हणतं, त्या माणसाला उरलेलं गाव पाठीमागं काय म्हणत असेल, याचाच ते विचार करत. कुणी नुसतं हसलं तरी त्यांना वाटायचं, आडनावावरूनच हसलं. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. शाळेत मला 'कोल्ह्याची सुमी' म्हणायचे, पण त्याच वर्गात एक ढेकणे होता आणि एक डुकरे होता. आपलं बरंच बरं, असं मी मानून चालले होते.

आता मी इंदापुरात राहते आणि आडनाव अजून माहेरचंच लावते. संध्याकाळी हायवेवरच्या ट्रकांशिवाय काही ऐकू येत नाही. शेजारच्या ब्लॉकमधली लहान मुलगी मला कोल्हेआजी म्हणते आणि तिला त्यात काही गंमत वाटत नाही, कारण कोल्हा तिनं फक्त मोबाइलवर पाहिलाय आणि तिथं त्याचं नाव जॅकल असतं. हे सगळं लिहायला बसले ते त्या मुलीमुळंच. "आजी, कोल्हे म्हणजे काय हो?" असं तिनं विचारलं, आणि एवढ्या साध्या प्रश्नासाठी आमच्या घरात एके काळी केवढं रामायण झालं ते मला आठवलं.

त्याचं असं झालं, की आबांना साखर कारखान्याचं संचालक व्हायची इच्छा झाली. आमच्या भागात माणसाचं घर बांधून झालं, विहिरीला पाणी लागलं आणि गुडघे अजून दुखायला लागले नाहीत, की ही इच्छा होतेच. पॅनेलमध्ये त्यांना जागा मिळाली. सणसरची सभा झकास झाली. दुसरी सभा पणदऱ्याला, म्हणजे समोरच्या पॅनेलच्या तात्यांच्या गावात. तात्या मोठे मिश्कील गृहस्थ. स्वतः कधी कुणाला वावगं बोलायचे नाहीत, त्यासाठी त्यांनी माणसं ठेवली होती. आबा उठले, माइक हातात घेतला, म्हणाले, "बंधूंनो," आणि मागच्या रांगेतून सूर निघाला, "कुऽऽऽई!" दुसऱ्या कोपऱ्यातून त्याला उत्तर आलं. मग सगळं मैदानच उसाचा फड झालं. आबा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा "बंधूंनो" म्हणाले, पुन्हा तेच. शेवटी ते खाली बसले. हे आम्हांला त्यांच्याबरोबर गेलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं. आबांनी घरी आल्यावर कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी घरात हुलग्याचं माडगं आणि शेंगदाण्याची चटणी होती, आबांच्या आवडीचं. त्यांनी भांड्याला तोंडसुद्धा लावलं नाही. आई म्हणाली, "वरडू द्या की त्यास्नी. वरडून वरडून घसं बसतील."

"आडनावच बदलतो," आबा म्हणाले.

"आन् काय लावताय?"

ते काही आबांना सुचेना. तशात नाव बदलायला गॅझेटात छापून यावं लागतं आणि ते येईपर्यंत निवडणूक होऊन गेली असती. मग ते माझ्याकडं वळले. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते, मराठी घेऊन. या विषयाचा घराला काडीचा उपयोग नाही असं त्यांचं जाहीर मत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्यात उपयोग दिसला.

"सुमे," ते म्हणाले, "आपलं आडनाव त्या पाव्हण्यांवरनं आल्यालं न्हाय. कायतरी दुसरंच आसणार. तेवढं शोधून काढ."

"आणि त्यांच्यावरनंच आलं असलं तर?"

"तर नीट शोधलं न्हाईस आसं समज."

संशोधनाची याहून स्पष्ट रीत मला पुढं एम.ए.ला सुद्धा कुणी शिकवली नाही.

इंदापुरात तहसील कचेरीच्या मागं वैद्यसर राहायचे. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडं वर्षानुवर्षं कुणी शब्द विचारायला आलेलं नव्हतं, आलेच तर लग्नाचा मुहूर्त विचारायला यायचे. मी कोल्हा म्हणताच त्यांनी हातातलं वर्तमानपत्र दूर फेकलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि मला खुर्चीवरून हलू दिलं नाही. संस्कृतात क्रुश् म्हणजे ओरडणं, हाका मारणं. आपण आक्रोश म्हणतो त्यातला तोच क्रुश्. त्यावरून क्रोष्टू, म्हणजे ओरडणारा. प्राकृतात त्याचा कोल्हुअ झाला आणि मराठीत कोल्हा. "लबाडी या शब्दात औषधालासुद्धा नाही बरं का," सर म्हणाले. "लबाडी गोष्टी सांगणाऱ्यांनी घातली. शब्दात नुसता आवाज आहे." मग ते त्याच्या दुसऱ्या संस्कृत नावाकडं वळले. शृगाल. त्याचा इराणात शगाल झाला, पुढं तुर्कांच्या तोंडून फिरत फिरत इंग्रजांपर्यंत गेला आणि तिथं जॅकल झाला. "म्हणजे साहेबाचा जॅकलही आपल्याच रानातला. नेला कधी ते कळलं नाही आणि परत आणला तेव्हा ओळखू आला नाही." असं म्हणून सर एवढे खूश झाले, की त्यांनी माझ्या वाटचं बिस्कीट माझ्याच चहात बुडवून खाल्लं.

हे सगळं ऐकायला फार छान होतं, पण घरी न्यायच्या कामाचं नव्हतं. मी चाचरत विचारलं, "सर, थोडं मोठं, घराण्याला शोभेल असं काही नाही का?"

 सर म्हणाले, "आहे की. यदूला जे मुलगे झाले त्यांतल्या एकाचं नाव क्रोष्टू. त्याच्याच वंशात पुढं श्रीकृष्ण झाला. पुराणातच आहे." मी उठलेच. पायऱ्या उतरत होते तेव्हा सर मागून ओरडले, "पण अर्थ तोच बरं का! कोल्हाच!"

आबा गोठ्यात होते. मी यदू म्हटलं, क्रोष्टू म्हटलं, श्रीकृष्ण म्हटलं. आबांच्या हातातली वैरण खाली पडली. म्हशीनं मान लांबवून ती ओढून घेतली तरी त्यांचं लक्ष नाही.

"श्रीकृष्णाचं घराणं?"

"व्हय आबा, पण क्रोष्टू या शब्दाचा अर्थ..."

"अर्थ ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

पणदऱ्याला पुन्हा सभा लावायची असं पॅनेलनं ठरवलं. यावेळी प्रत्येक उमेदवारानं घरच्या बायकांना आणायचं होतं. कारखान्याचे बरेचसे शेअर बायकांच्या नावावर होते, म्हणजे मतं बायकांची होती, फक्त ती त्यांना विचारून द्यायची पद्धत नव्हती. मी आणि आई मारुतीच्या देवळाजवळ बायकांच्यात बसलो. समोर चहाच्या हॉटेलात तात्या बाकावर बसलेले, जणू चहाच प्यायला आलेत. आबा उठले आणि मागं कुणी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "पुण्याच्या मोठमोठ्या पंडितांनी आमच्या घराण्याचा शोध लावलाय," ते म्हणाले. पुण्याचे पंडित बायकांच्या रांगेत मांडी घालून शेंगा खात होते. मला राग यायला हवा होता, पण मला हसू आलं. आई मात्र माझ्याकडं वळून बघायला लागली. आबांनी यदू सांगितला, क्रोष्टू सांगितला, श्रीकृष्णाचं नाव घेताना टोपी सारखी केली. टाळ्या पडल्या. त्यांचा आवाज चढला. असं बोलताना मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

टाळ्या ओसरल्यावर तात्या बाकावरून उठले. मोठ्या आदबीनं त्यांनी विचारलं, "आबा, लई बरं वाटलं ऐकून. पर ते क्रोष्टू म्हंजी काय वो?"

 आबांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. तेवढं एकच क्षणभर पाहणं, पण ते तात्यांच्या माणसांना पुरलं. मागून पहिली कुई आली, मग दुसरी, मग सगळं मैदान. आबांचे ओठ हलत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. शाळेत मास्तरांनी उभं केलं तेव्हा ते कसे दिसत असतील, ते मला त्या वेळी दिसलं.

मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. उठायचं असं मी ठरवलं नव्हतं. आईनं माझा पदर खाली ओढल्याचं आठवतं, आणि ती ओढत असताना मी पुढं गेल्याचं आठवतं. माइक मी आबांच्या हातातून घेतला. तो त्यांनी सोडला.

"तात्या, मी सांगते," मी म्हणाले. माझा आवाज कर्ण्यातून देवळावर आपटून परत आला आणि मी स्वतःच दचकले. "शोध पुण्याच्या कुणी लावलेला नाही, मी लावलाय. क्रोष्टू म्हणजे कोल्हाच."

मैदानात एकच हशा उसळला. आबांनी डोळे मिटले.

"पण कोल्हा म्हणजे काय, तेही ऐका. ओरडणारा, तो कोल्हा. शब्दाचा अर्थ एवढाच. आता आमचे आबा केव्हापासून गप उभे आहेत. ओरडताय तुम्ही. मग खरे कोल्हे कोण, ते तुमचं तुम्हीच ठरवा. आमचं आपलं नुसतं आडनाव."

 मग बायकांच्यातून एक म्हातारी खो खो हसली, तिच्या मागून सगळ्या बायका, आणि मग मागच्या रांगेतलेच लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले, "वरड की आता, वरड की!" कुणाच्या तोंडून कुई निघेना. जो ओरडेल तो कोल्हा ठरणार होता. तात्या सुद्धा हसले. "पोरीला वकील करा, आबा," असं म्हणून ते आपला चहा संपवायला गेले.

 परतताना वस्ती आल्यावर आबा जीपमधून उतरता उतरता म्हणाले, "पोरीच्या जातीनं भर सभेत मायक हिसकावून घ्यायचा आसतो व्हय?" पुढच्या सभेला त्यांनी मला नेलं नाही. पण ड्रायव्हरकडून कळलं, की तिथं त्यांनी स्वतःच विचारलं, "कोल्हा म्हंजी काय, ठावं हाय का तुमास्नी?" आणि माझं सगळं बोलणं शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. त्यानंतरच्या सभेत त्यात दोन विनोदही घातले. आबा निवडून आले. चांगल्या मतांनी आले.

संचालकाच्या घराचा आवाज वेगळा असतो. आमच्या अंगणात आता दिवसभर मोटारसायकली थांबायच्या, स्टोव्ह फरफरायचा, कपबश्या वाजायच्या. आई सकाळपासून पोहे भिजवत बसायची. पूर्वी एका लिंबावर आमचा आठवडा जायचा, आता टोपलीभर लिंबं संपायची. आबा खुर्चीत बसून येणाऱ्याचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघतो." त्या साली ऊस उदंड झाला होता. कारखान्याच्या तोडणीच्या टोळ्या सगळीकडं फिरत होत्या, फक्त आमच्या शिवाराकडं वळत नव्हत्या. उसाला तुरे आले. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं. माणसं येऊन आबांना म्हणायची, "आबा, कारखान्यात जरा तोंड उघडा." आबा म्हणायचे, "बघतो." आमचाही ऊस उभाच होता. आईनं विषय काढला, तर म्हणाले, "संचालकानं सोताच्या उसाचं बोललं तर बरं दिसंल का?"

तक्रारी फार वाढल्या तेव्हा कारखान्यावर सभासदांची बैठक बोलावली गेली. आमच्या गावची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. आबा पुढं जीपमध्ये. यावेळी ते बोलणार होते. सकाळी त्यांनी मिठाच्या गुळण्यासुद्धा केल्या. आम्ही बायका घरी वाट बघत होतो. दिवस मावळायच्या सुमाराला आबा आले ते हसतमुख. हातपाय धुऊन ताटावर बसले, आईनं ओल्या हरभऱ्याची आमटी वाढली, आणि ते सांगायला लागले. अध्यक्षांनी स्वतः उठून त्यांचं नाव पुकारलं होतं. "आसा बोललो म्हणतीस! यदूपासनं धरलं ते पार श्रीकृष्णापतूर. मधी सुमीनं सांगितल्याला तो जॅकल. साहेब लोकसुदीक हासून हासून बेजार. अध्यक्ष म्हणलं, आबा, आजची समदी वेळ तुमीच घ्या."

"आन् टोळी कवा येतीया?" आईनं विचारलं.

आबांचा घास हातातच राहिला. 

"त्ये इचारायचं ऱ्हाऊनच गेलं," ते म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं वस्तीवरच्या बायका गोळा केल्या, ट्रॅक्टर जोडायला लावला आणि मला म्हणाली, "चल. तुला बोलाया येतं." आबा अंगणात उभे होते, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात एक तरुण साहेब होता. संचालकांची कन्या आलीय म्हटल्यावर तो खुर्चीतून उठला, चहा मागवला आणि भिंतीवरचा तोडणीचा तक्ता मला समजावून सांगायला लागला. कुठल्या गटाला कुठली टोळी, लागणीची तारीख काय, गाळपाचं गणित काय. इतकं गोड, इतकं शुद्ध बोलत होता, की मी मान डोलवायला लागले. मला त्याचं सगळं पटत चाललं होतं. माइकपुढं शब्दाचा अर्थ सांगणं वेगळं आणि समोर बसून हसणाऱ्या माणसाला नाही म्हणणं वेगळं, हे मला तिथं कळलं आणि मला लाज वाटली.

तेवढ्यात आई उठली. जन्मभर तिचं बोलणं चुलीच्या धुरापलीकडं गेलेलं नव्हतं. तिनं चहाची कपबशी टेबलावरून बाजूला सारली आणि जो आवाज लावला, तो ऐकून शेजारच्या खोल्यांतले कारकून दारात येऊन उभे राहिले.

"च्या नगं आमाला! टोळी द्या! रान वाळाया लागलंय आमचं, आन् तुमी भितीवरचं कागद दावताय? माझा दाल्ला तुमचा संचालक आसंल, मी न्हाय. मी शेअरवाली हाय. माझ्या नावावर शेअर हाय का न्हाय, बघा! न्हाय तर मी ह्या दारात बसती, आन् ह्या समद्या बसत्यात. मग तुमीबी घरी जायचं न्हाय!"

साहेबानं पुन्हा तक्त्याकडं बोट नेलं, पण आईचा आवाज थांबला नाही. बाकीच्या बायकाही सुरू झाल्या. शेवटी त्यानं बोट खाली घेतलं आणि फोन उचलला. ट्रॉलीत बसल्यावर आईचा घसा इतका बसला होता, की पाणी हवं तेही तिनं खुणेनं मागितलं. मी तिच्या मांडीवर हात ठेवून बसले. मला तिला विचारायचं होतं, इतकी वर्षं हे कुठं ठेवलं होतंस म्हणून. विचारलं असतं तरी तिला उत्तर देता आलं नसतं.

त्याच आठवड्यात टोळी आली. बीडकडची माणसं होती. आमच्या फडात कोयते चालायला लागले, पाचट उडायला लागलं. चारी बाजूंनी ऊस तुटत तुटत मधे एक बेटासारखा तुकडा उरला. आबा स्वच्छ कपडे करून बांधावर येऊन उभे राहिले होते. टोळीच्या मुकादमाला ते आपण संचालक असल्याचं सांगत होते. आई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन माझ्या पुढं चालत होती. तेवढ्यात त्या उरलेल्या उसात काहीतरी खसपसलं आणि तोडणीवाले एका आवाजात ओरडले, "कोल्हं! कोल्हं! आरं, कोल्हं!"

आबांनी बोलणं अर्ध्यावर सोडलं, टोपी सारखी केली आणि सभेत करायचे तसं तोंड करून त्यांच्याकडं वळले.

"बोला," ते म्हणाले, "काय आडचण हाय?"

आईनं पाटी खाली ठेवली आणि ती बांधावर मटकन बसली. तिचा घसा अजून बसलेलाच होता, त्यामुळं ती किती हसतेय ते नुसतं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.